अकरा वाजताचा राखाडी पट्टा

शिडीवाली उंचीला भीत नाही, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. माळ्यावरचा डबा काढायला एखादी बाई स्टुलावर चढते तितक्या सहज ती गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर आणि टाकीवरून लोखंडी खांबावर चढायची. खाली उभे असलेले लोकच डोळे मिटून घ्यायचे. एकदा एका आजोबांनी खालून ओरडून विचारलं होतं, "अगं, घरी कोणी आहे की नाही तुला?" तिने वरूनच उत्तर दिलं, "आहेत की! त्यांच्यासाठीच चढलेय!" लोक हसले. ती हसली नव्हती, पण एवढ्या खालून ते कोणाला दिसणार?

तिचं खरं नाव विचारायची कोणाला गरज पडत नव्हती. वय चाळीसच्या पुढे, अंगाने काटक, कमरेला पान्ह्यांचा पट्टा आणि खांद्यावर घडीची शिडी. इंटरनेट बंद पडलं की लोक म्हणत, "शिडीवालीला बोलवा." चालू झालं की तिला चहा विचारायचीसुद्धा आठवण राहत नसे. तेही ठीकच. ज्याच्यामुळे गोष्टी चालतात त्याच्याकडे, त्या चालू असेपर्यंत, बघायचं नाही असा माणसांचा नियमच आहे.

तिचं काम बिनतारी इंटरनेटचं. वस्ती उतारावर, खाली सगळा खडक. केबल पुरायला कोणी तयार नाही. म्हणून कंपनीने टेकडीवरच्या टाकीवर मोठा अँटेना उभारला होता आणि ज्याला इंटरनेट हवं त्याच्या खिडकीबाहेर ताटलीएवढा छोटा. दोघांनी एकमेकांकडे नीट तोंड केलं की झालं काम. अडचण एकच, की ज्या लहरींवर हे बोलणं चालतं त्या कोणाच्या मालकीच्या नाहीत. परवाना लागत नाही, त्यामुळे कोणीही यावं आणि आपलं यंत्र लावून मधे बडबडावं. घरात मिक्सर चालू असताना दारातल्या माणसाशी बोलायला जावं तसं मग होतं. माणूस समोर उभा आहे, ओठ हलतायत, पण अक्षर कळत नाही. या धंद्यातली मंडळी त्याला नॉइज म्हणतात. शिडीवालीच्या कामाचा अर्धा भाग म्हणजे हा नॉइज कोण करतोय ते हुडकत हिंडणं. ती त्यात तरबेज होती. मालक इतरांना सांगायचा, "हिला वास येतो."

अशी ही बाई गेले आठ महिने सकाळी साडेदहापासून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायची.

कारण तिचे बाबा. त्यांनी उभं आयुष्य लाकूड कापायच्या कारखान्यात काढलं आणि तो भुसा त्यांच्या छातीत जाऊन बसला. आता चौथ्या मजल्यावरच्या घरात खिडकीपाशी खुर्चीत बसून असत. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं घुमणारं मशीन, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. चिमट्यातला आकडा एका पेटीत जायचा, पेटीतून खिडकीबाहेरच्या अँटेनावर, तिथून टाकीवर आणि टाकीवरून शहरातल्या इस्पितळात, जिथे एक सिस्टर बारा-पंधरा घरांचे आकडे डोळ्यांत तेल घालून बघत बसलेली असे. आकडा पंच्याऐंशीच्या खाली गेला की सिस्टर आधी घरी फोन करणार आणि कोणी उचलला नाही तर शिडीवालीला. त्या खिडकीबाहेरचा अँटेना शिडीवालीने स्वतःच्या हाताने बसवला होता. तीनदा काढून तीनदा बसवला होता. दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर हिंडणाऱ्या बाईला घरात एकटा बाप ठेवायचा, तर तेवढा एकच दोरा होता.

एकटा का, तर धाकट्या भावाला तिने घराबाहेर काढलं होतं. हेही सांगायला हवं, लपवून काय करायचं? मशीन नवीन आलं तेव्हा बहीण-भावाने दिवस वाटून घेतले होते. भाऊ समोरच्या मैदानापलीकडे चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला. त्याच्या पाळीच्या एका दुपारी तो बाबांशेजारी बसल्या बसल्या झोपला आणि बाबांच्या नाकातली नळी सुटली. शिडीवाली योगायोगानेच लवकर आली म्हणून निभावलं. त्या दिवशी ती भावाला म्हणाली, "तुझ्या भरवशावर ठेवलं तर मरतील ते. पुन्हा हा जिना चढू नकोस." भाऊ उठला. गेला. तिचं तोंड तिखट आहे हे तिला कळत होतं, पण तिखट माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी जरा उशिराच दिसतं.

तर अशी घडी बसली होती. रोज अकरा वाजून पाच मिनिटांनी ती जिथे असेल तिथून घरी फोन करायची. पाच रिंगच्या आत बाबा उचलायचे आणि "हॅलो"ऐवजी म्हणायचे, "आहे गं, आहे." ती म्हणायची, "असं बोलू नका." आणि फोन ठेवल्यावर तासभर तिला बरं वाटायचं.

आणि मग घरच्या अँटेनाची टाकीशी असलेली लिंक जायला लागली.

रोज अकराला, आणि पुन्हा चारला. कधी बारा मिनिटं, कधी चौदा. मोबाइलवर बाबांच्या आकड्याचा ग्राफ दिसायचा, हिरवी रेघ. अकरा वाजले की रेघ तुटायची आणि तिच्या जागी राखाडी पट्टा. सिस्टरच्या पडद्यावरही तेच. राखाडी पंधरा मिनिटांहून जास्त टिकला तर फोन करायचा असा इस्पितळाचा नियम होता, आणि हा पट्टा पंधरा मिनिटं कधी पुरी करत नव्हता. जणू त्याला नियम ठाऊक होता.

"ताई, तुमच्याकडची लाइन रोज जातेय," सिस्टर म्हणाली. "आमच्याकडे बाकी कोणाची जात नाही."

"बघते मी, सिस्टर."

"तुम्ही तर त्याच कामात आहात ना?" सिस्टरने अगदी सरळ मनाने विचारलं. शिडीवालीच्या ते जिव्हारी लागलं.

मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, "झाडं वाढली असतील मधे." मालकाकडे प्रत्येक दुखण्यावर झाडं हे एकच औषध होतं. झाडं काय अकराला वाढतात आणि सव्वाअकराला कमी होतात? ती सरळ निघाली. टाकीवर चढली आणि मोठ्या अँटेनावरून हवा तपासली, नॉइज कुठे आहे का. स्वच्छ. आजूबाजूच्या पाच गच्च्यांवर जाऊन तपासली, तीही स्वच्छ. बेकरीच्या भट्टीचा पंखा, लिफ्टची मोटर, दुसऱ्या कंपनीचा नवा खांब, सगळं बघून झालं. रविवारी लिंक जात नाही हे लक्षात आल्यावर ती मैदानापलीकडच्या काचेच्या कारखान्यापर्यंतही गेली. फाटकाबाहेर उभी राहून हातातलं यंत्र तिसऱ्या मजल्याकडे धरलं. नेमकी अकराची घंटा झाली, आणि आतली सगळी यंत्रं बंद पडून माणसं चहाला उठली. हा कारखाना नसणार मग, तिने ठरवलं. यंत्रं बंद झाल्यावर गोंगाट कसा वाढेल? वर भाऊ होता. ती वर गेली नाही.

शेवटी तिने सुट्टी टाकली आणि अकराला घरातच बसून राहिली. मोबाइल मांडीवर. अकरा वाजले, अकरा-पाच झाले, सव्वाअकरा वाजले. हिरवी रेघ सरळ. चारलाही तसंच. बाबा म्हणाले, "झालं ना बरं? जा आता उद्यापासून." दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि अकराला पट्टा पुन्हा हजर.

इथे मात्र ती चक्रावली. आपण घरी असलो की जात नाही, आपली पाठ वळली की जाते, हे काय आहे? यंत्रं माणसं बघून वागत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. जिन्यावरून उतरताना तिला वाटायचं, कोणीतरी आपण जायची वाट बघतंय. अकरा-पाचचा फोन सोडला तर त्या राखाडी बारा-चौदा मिनिटांत घरात काय होतं, हे जगात कोणालाच माहीत नसतं. त्या मिनिटांत बाबांना काही झालं तर कोणाच्या पडद्यावर ते उमटणार नाही.

एक तपासणी राहिली होती, आणि ती तिला पक्की माहीत होती. घराच्या खिडकीतल्या अँटेनावरून हवा तपासायची, बरोबर अकराला. कोणताही नवशिक्यासुद्धा आधी तेच करेल. पण असा स्कॅन लावला की तेवढी पाच-सात मिनिटं लिंक बंद ठेवावी लागते, कारण ज्या कानाने बोलणं ऐकायचं त्याच कानाने गोंगाट मोजायचा असतो. बाबा एकटे असताना आपल्याच हाताने तो दोरा तोडायचा? तिचं बोट त्या बटणापर्यंत जायचं आणि मागे यायचं. स्कॅन तिने केला, नाही असं नाही, पण संध्याकाळी, स्वतः बाबांच्या शेजारी बसून. तेव्हा सगळं चकचकीत स्वच्छ. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. चोर अकराला येतो आणि ही संध्याकाळी सातला दाराची कडी तपासतेय! भीतीने शहाण्या माणसाचं काय होतं ते बघा.

डोळे उघडे असते तर दुसरंही बरंच दिसलं असतं. बाबांच्या केसांना हल्ली तेल असायचं. भांग काढलेला असायचा. कारखान्यात असल्यापासून त्यांना केसांची हौस, पण आजारपणात ती सुटली होती, मग आता कुठून आली? "काय बाबा, कोणाकडे जायचंय?" तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, "मशीनला बरं दिसावं म्हणून." आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा बंद पडलेला जुना ट्रान्झिस्टर आला होता. इतकी वर्षं तो माळ्यावर होता. शेजारच्या काकूंकडून काढून घेतला म्हणाले. गाणी लागत नाहीत, पण समोर असला की बरं वाटतं. तिने त्याची धूळ पुसली आणि परत तिथेच ठेवला.

त्या सकाळी गार वारा होता. निघताना तिला वाटलं, खुर्ची खिडकीपासून लांब हवी. शिवाय नळी ताणली जाते. तिने खुर्ची उचलून मशीनच्या अगदी जवळ, भिंतीशी ठेवली.

"अगं, इथून मैदान दिसत नाही मला," बाबा कुरकुरले.

"मैदान कुठे पळून जातंय? छाती सांभाळा."

"बरं, बरं. तू सांगशील तसं."

अकराला ती वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, शाळेच्या गच्चीवर होती. एका हातात पान्हा, दुसऱ्या हातात मोबाइल. अकरा वाजून एक मिनिट, रेघ राखाडी झाली. रोजचंच. तिने दात आवळले आणि चार मिनिटं मोजली. पाच झाले तसा फोन लावला. पाच रिंग झाल्या. सहा, सात, आठ. रिंग वाजून वाजून बंद पडली.

तिने पुन्हा लावला. त्या रिकाम्या रिंगचा आवाज तिला पुढे कितीतरी दिवस कानात ऐकू यायचा. शेजारच्या काकूंना लावला, त्या भाजी आणायला बाहेर. सिस्टरला लावला.

"राखाडी आहे ताई, पाच मिनिटं झाली फक्त. अजून—"

"शेवटचा आकडा काय होता?"

"ब्याण्णव."

ब्याण्णव म्हणजे सगळं ठीक. पण ते पाच मिनिटांपूर्वी! आत्ता काय?

ती उतरली कशी ते तिला आठवत नाही. शाळेच्या शिपायाने नंतर सांगितलं, की पान्हा वरून टाकला, शिडी तशीच लावलेली सोडली आणि जिन्याच्या तीन-तीन पायऱ्या गाळत गेली. एवढ्या वर्षांत तिने शिडी कुठे मागे ठेवली नव्हती. स्कूटरवर तिच्या ओठांतून एकच वाक्य निघत होतं, "उचला ना बाबा, उचला." फोन खिशात होता, लावलेलाही नव्हता. सिग्नलला एक बस आडवी आली. ती त्या बसच्या ड्रायव्हरला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. चढावर स्कूटर दम टाकायला लागली तेव्हा तिला वाटलं, बाबाही आत्ता असेच. मग तिने तो विचार दाबून टाकला. तो पुन्हा वर आला.

घराचा जिना चार मजल्यांचा. दुसऱ्या मजल्यावर तिच्या पायात गोळा आला आणि ती भिंतीला धरून वर गेली. वर दार सताड उघडं होतं.

दार उघडं! आणि या क्षणाची तिने आठ महिने रोज भीती बाळगली होती. दार उघडेन आणि बाबा जमिनीवर असतील. बाबा जमिनीवरच होते. खिडकीखाली, भिंतीला पाठ टेकवून. ओठ जांभळे. आणि त्यांना छातीशी धरून, एका हाताने त्यांच्या नाकाशी नळी दाबून, धाकटा बसला होता. अंगावर कारखान्याचा ओला एप्रन, कोपरांपर्यंत काचेची पांढरी पूड.

"शुद्धीवर आलेत ताई, आलेत," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "एकोणऐंशी होता. आता चौऱ्याऐंशी. बघ, शहाऐंशी."

ती गुडघ्यांवर बसली. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा तिला दिसेना, डोळ्यांत पाणी आलं होतं. "वाच," ती म्हणाली. तो वाचत राहिला. सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वदवर तिला पहिला श्वास नीट घेता आला. तोपर्यंत खिशात सिस्टरचा फोन वाजायला लागला होता. पंधरा मिनिटं पुरी झाली होती.

सिस्टरला सगळं सांगून, बाबांना पलंगावर टेकवून झाल्यावर ती भावाकडे वळली. "तू कसा आलास? दार कोणी उघडलं?"

"दुसरी किल्ली बाबांनी दिलीय मला. मशीन आलं तेव्हा, पहिल्याच आठवड्यात." तो खाली बघत होता. "मला दिसलं ताई. रोज दिसतात तसे नाही दिसले. खुर्चीच नव्हती. एकदम चेहरा जवळ आला, अगदी मोठा, आणि मग खाली गेला. नुसती भिंत राहिली. मी पळत सुटलो."

"दिसलं? कुठे दिसलं?"

त्याने कट्ट्यावरच्या ट्रान्झिस्टरकडे बोट दाखवलं. त्याच्या जाळीमागे एक बारीक लाल दिवा लागलेला होता.

शिडीवालीने तो उचलला आणि मागचं झाकण उघडलं. आत गाण्याचं काही नव्हतं. एक स्वस्तातला कॅमेरा, आणि त्याचं चित्र मैदानापलीकडे फेकणारी एक डबी, वर बोटाएवढी काळी दांडी. तिचा एकच कटाक्ष पुरला. डबीची लहर तीच, जी तिच्या लिंकची होती. टाकीवरून ती कुणाला ऐकू येणार नाही एवढी लहान, पण खिडकीबाहेरच्या अँटेनापासून हातभर अंतरावर. कानाशी तोंड नेऊन ओरडावं तशी.

"अकराला आणि चारला चहाची सुट्टी असते," भाऊ सांगत होता. "पडदा माझ्या टेबलाखाली आहे. बाबा बटण फिरवून चालू करतात, मी दहा-बारा मिनिटं बघतो, मग ते बंद करतात. तू जिना चढू नकोस म्हणालीस. चढलो नाही मी. फक्त हे बसवायला एकदा, आणि आज."

बटण फिरवायला. म्हणजे आज बाबा भिंतीजवळच्या खुर्चीतून उठले, कट्ट्याकडे गेले, आणि नळी तिथपर्यंत पुरली नाही. खुर्ची कोणी हलवली होती?

तिला ते सहन झालं नाही, म्हणून ती ओरडली. "सगळी वस्ती पालथी घातली मी! रोज अकराला माझा जीव जात होता, आणि हे इथे, माझ्या नाकाखाली! मला सांगता येत नव्हतं?"

"त्याला बोलू नकोस," पलंगावरून बाबा म्हणाले. प्रत्येक शब्दाला धाप लागत होती. "लपवायला मी सांगितलं. तू घाबरतेस."

"घाबरते! हो, घाबरते! रोज दार उघडताना मला वाटतं तुम्ही गेलेले असाल. काय चूक आहे त्यात?"

मशीन घुमत राहिलं. मग भावाने ट्रान्झिस्टर तिच्या हातातून घेतला, प्लग काढला आणि वायर त्याच्याभोवती गुंडाळली. "मला खरंच माहीत नव्हतं ताई, याने तुझी लाइन जाते. आईशप्पथ. आता नाही जाणार." तो जिना उतरून गेला तेव्हा ट्रान्झिस्टर त्याच्या काखेत होता.

पुढचे तीन दिवस रेघ सरळ हिरवी. सिस्टरने अभिनंदन केलं. मालक म्हणाला, "बघ, झाडंच होती." शिडीवालीला आता निवांत वाटायला हवं होतं, आणि नेमकं तेच होईना. ती सारखं त्या सकाळचं गणित मांडत होती. समजा लिंक चालू असती. आकडा घसरला असता, सिस्टरने घरी फोन केला असता, मग तिला. तिला यायला दहा मिनिटं लागली होती. भावाला चार. ज्या रेघेच्या जिवावर तिने आठ महिने काढले, ती रेघ त्या दिवशी ठणठणीत असती तरी एवढंच झालं असतं, की बाप जातोय हे तिला गच्चीवर उभं राहून दिसलं असतं. हे कळल्यावर तिला रेघेचीच भीती वाटायला लागली.

चौथ्या दिवशी ती उशिरा निघणार होती. पावणेअकराला बाबांनी कंगवा घेतला. भांग पाडला, कट्ट्यावर तेलाची बाटली नीट ठेवली आणि खुर्चीत ताठ बसले. खुर्ची तिने परत खिडकीपाशी आणली होती. अकराची घंटा मैदानापलीकडून ऐकू आली. कट्टा रिकामा होता. बाबांनी तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघून हात थोडासा वर केला. एवढ्या लांबून कोणाला दिसणार होता तो? त्यांनाही ते माहीत असणार. हात तसाच थोडा वेळ राहिला.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने त्यांना हाक मारली नाही. मोठी पिशवी उचलली, मैदान ओलांडलं आणि काचेच्या कारखान्याचे तीन जिने चढून वर गेली.

भाऊ तिला बघून उभाच राहिला. चेहरा पांढराफटक. "बाबा?"

"बरे आहेत. बस." तिलाही बसावंसं वाटत होतं, पण स्टूल एकच होतं. "तो ट्रान्झिस्टर फेकलास की आहे?"

"आहे. खणात."

"आण चारला. आणि मी तुझ्या साहेबांशी बोलते, आज तासभर लवकर सोडतील."

"पण तुझी लाइन?"

"लाइनचं मी बघते. ते माझं काम आहे, आणि ते मी केलं नाही." तिला पुढचं वाक्य जड गेलं. "आणि जिना चढत जा. मी म्हणाले होते ते… चढत जा."

तो एप्रनच्या टोकाला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझा फोन आला ना, की बाबा हसतात. अकरा-पाचला. बोलतात काय ते ऐकू यायचं नाही मला. पण हसायचे ते दिसायचं."

चार वाजता दोघं बाबांच्या दोन बाजूंना बसले. भावाने ट्रान्झिस्टर चालू केला. शिडीवालीने सिस्टरला कळवलं, आणि जे बटण दाबायला तिचं बोट इतके आठवडे धजत नव्हतं ते दाबलं. लिंक गेली. त्या सात मिनिटांत तिने लॅपटॉपकडे कमी आणि बाबांच्या बोटाकडे जास्त बघितलं. पडद्यावर हळूहळू एक भलाथोरला उंचवटा उभा राहिला, अगदी तिच्या लिंकच्या डोक्यावर. त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा भरपूर होती. तिने डबीचा चॅनल एका टोकाला नेला आणि टाकीवरून लिंकचा दुसऱ्या टोकाला. पाऊण तासाचं काम. लिंक परत आली आणि ट्रान्झिस्टरमधला लाल दिवाही चालूच राहिला.

"उद्या अकराला खरं कळेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना ती टाकीवर चढली. वारा नव्हता, खांब कोरडा होता, काम काहीच नव्हतं. तरी ती धरायला काहीतरी शोधत होती. उंचीवर पहिल्यांदाच. तिने एक हात खांबाभोवती घातला आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरला. घंटा झाली. एक मिनिट. हिरवी. दोन. हिरवी. तिसऱ्या मिनिटाला रेघ किंचित थरथरली आणि तिने खांब घट्ट आवळला. मग रेघ सावरली. ब्याण्णव. चार मिनिटं. तिला डोळे काढवेनात. पाच. सहा. सात.

फोन वाजला. भाऊ होता.

"दिसतायत का?" तिने विचारलं.

"दिसतायत. छान दिसतायत. भांग उजवीकडे पाडला होता, मोडला, आता डावीकडे पाडलाय." तो थांबला. "ताई, पण हसत नाहीयेत गं. फोन हातात धरून बसलेत. सारखं त्याच्याकडे बघतायत. तू अजून केला नाहीस?"

तिने घड्याळ बघितलं. अकरा वाजून आठ मिनिटं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती विसरली होती. भावाला काही न बोलता तिने त्याचा फोन ठेवला आणि घरी लावला. बोट चुकलं, पुन्हा लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून उचलला गेला.

"आहे गं," बाबा म्हणाले, "आहे."